व्हॉइस चिप आणि कोडेकमधला आवाज अडतो कुठे: इंटरकॉम आणि काउंटर-माईकच्या बोर्डांसाठी तपासणीचा क्रम

टॉवरच्या गेटवरचा इंटरकॉम, तिकीट खिडकीच्या काचेतला काउंटर-माईक, मीटिंगच्या टेबलावरचा स्पीकरफोन, अशा बहुतेक बोर्डांवर दोन चिप्स शेजारी बसलेल्या असतात. पहिली व्हॉइस प्रोसेसर, म्हणजे व्हॉइस चिप. प्रतिध्वनी कापणं आणि मागचा गोंगाट दाबणं हे तिचं काम. दुसरी कोडेक. माईकचा व्होल्टेज आकड्यांत बदलायचा आणि आकडे परत स्पीकरसाठी व्होल्टेजमध्ये आणायचे, एवढंच ती करते. दोघींमध्ये चार तारा धावतात: बिट क्लॉक (एकेका बिटाची वेळ), फ्रेम सिंक (नव्या फ्रेमची खूण), जाणारा डेटा, येणारा डेटा. बऱ्याचदा पाचवी मास्टर क्लॉकची असते, आणि सेटिंग पोहोचवायला आयटूसी या जोडणीच्या दोन वेगळ्या.

इंदूरमध्ये दुरुस्तीला आलेल्या अशा बोर्डावर पहिला संशय कोडेकवर घेतला जातो, आणि पहिलं हत्यार हॉट एअर असतं. हा क्रम उलटा आहे. यातल्या चिप्स क्वचित मरतात. बिघडतो तो त्यांच्यातला करार: घड्याळ कोण देणार, किती वेगाने, आणि पहिला बिट कधी मोजायचा. चिप बदलली तरी हा करार तसाच राहतो, आणि बोर्ड आठवड्याभरात परत टेबलावर येतो.

आधी आवाज नीट ऐका

लक्षणावरूनच निम्मं निदान होतं. गिऱ्हाईक "आवाज खराब आहे" एवढंच सांगतं. तो कसा खराब आहे ते आपण लिहून घ्यायचं.

- दोन्ही बाजूंनी पूर्ण शांतता: घड्याळ नाही, किंवा कोडेक म्यूट आहे.
- एकाच दिशेने आवाज: डेटाची तार, स्लॉट (फ्रेममधली एका चॅनेलची जागा), किंवा साधा माईक.
- आवाज बारीक आणि घाईचा, किंवा जाड आणि रेंगाळणारा: सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती आकडे) जुळत नाही.
- खोली शांत असताना जोरदार खरखर: फॉरमॅट (बिट कुठून मोजायचे ती पद्धत) एक बिट सरकलेला.
- हळू बोललं की स्वच्छ, ओरडलं की फाटतो: हाही एक बिट सरकलेला, पण उलट्या दिशेने.
- दर काही सेकंदांनी बारीक टिक: दोन क्रिस्टल, दोन घड्याळं.
- सकाळी ठीक, दुपारी उन्हात खरखर: क्लॉकची चुकीची कड (वर किंवा खाली जाण्याचा क्षण), किंवा व्होल्टेजची पातळी काठावर.
- प्रोब किंवा बोट लावलं की बरं होतं: क्लॉकच्या तारेवर रिंगिंग, म्हणजे थरथर.
- वीज क्षणभर जाऊन आल्यावर मुका, बंद करून चालू केला की बोलू लागतो: कोडेकची सेटिंग पुसली गेली.

बंद करा आणि अर्धा मिनिट थांबा

फुकटची तपासणी ही, आणि पावसाळ्यात सर्वात जास्त उत्तरं हीच देते. अॅडाप्टर काढा, ३० सेकंद थांबा, मग लावा. लगेच लावलात तर कपॅसिटरमधला चार्ज पूर्ण उतरत नाही आणि रिसेट अर्धवट राहतो.

आवाज परत आला तर कारण बहुधा असं: क्षणभर वीज गेली तेव्हा कोडेकचा सप्लाय रिसेटच्या खाली उतरला, पण प्रोसेसरचा मोठ्या कपॅसिटरवर टिकून राहिला. कोडेक आपल्या मूळ सेटिंगवर गेली. प्रोसेसरला मात्र वाटतं की आपण सकाळी सगळं लिहिलंय. डब्ल्यूएम ८७३१ ही कोडेक सोपं उदाहरण. रिसेटनंतर तिचा माईक म्यूट, लाइन इनपुट म्यूट, डॅकवर (आकड्यांचं व्होल्टेज करणारा भाग) सॉफ्ट म्यूट, आणि आउटपुट विभाग बंद असतो. म्हणजे चिप ठणठणीत, घड्याळं चालू, आणि तरी स्पीकर गप्प.

यावर पक्के उपाय दोन. फर्मवेअर हातात असेल तर कोडेकची रजिस्टर्स (सेटिंगचे कप्पे) दर काही सेकंदांनी पुन्हा लिहायची. नसेल तर दोन्ही चिप्सना सप्लायवर नजर ठेवणाऱ्या एकाच सुपरवायझर चिपचा रिसेट द्यायचा. फक्त मोठा कपॅसिटर लावल्याने दुखणं पुढे ढकललं जातं, जात नाही.

माईक, स्पीकर, केबल

डिजिटलकडे जाण्याआधी हे उरकून टाका. इलेक्ट्रेट माईकच्या टोकांवर डीसी मोजा. साधारण १ ते २.५ व्होल्ट हवेत. शून्य आलं तर शॉर्ट किंवा बायस (माईकला पुरवलेलं व्होल्टेज) नाही. पूर्ण बायस व्होल्टेज आलं तर माईक किंवा त्याची तार तुटलेली. स्पीकर काढून ओहम मोजा. एवढंच.

मल्टिमीटरने चार तारा

ऑसिलोस्कोप नाही म्हणून काम अडत नाही. हर्ट्झ मोजणारा साधा मीटर इथे पुष्कळ बोलतो.

आधी सप्लाय. कोडेकला सहसा तीन असतात: ॲनालॉग, डिजिटल कोर, आणि इनपुट-आउटपुटचा. तिसऱ्याकडे दुर्लक्ष होतं आणि तोच महत्त्वाचा. व्हॉइस चिप १.८ व्होल्टवर आणि कोडेकचा इनपुट-आउटपुट ३.३ वर असेल, तर कोडेकला 'एक' कळायला साधारण ०.७ पट, म्हणजे २.३ व्होल्ट लागतात. १.८ तिथे पोहोचतच नाही. असा बोर्ड कधी चालतो, कधी नाही, आणि दुपारच्या उन्हात तापलेल्या गेट पॅनेलमध्ये हमखास रुसतो. उलट दिशेला ३.३ व्होल्ट १.८ च्या पिनवर गेले, तर मात्र पिन खरोखर जळू शकते. मध्ये एका व्होल्टेजचा सिग्नल दुसऱ्यात बदलणारं, दिशा ठरलेलं लेव्हल ट्रान्सलेटर हवं. रेझिस्टरचा जुगाड चार-पाचशे किलोहर्ट्झवर कसाबसा चालतो, ३ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर कडा गोल होतात आणि बिट हरवतात.

आता क्लॉक. मीटर डीसीवर ठेवा. ३.३ व्होल्टच्या बोर्डावर चालू बिट क्लॉक सुमारे १.६५ दाखवतं, कारण ते निम्मा वेळ वर आणि निम्मा वेळ खाली असतं. आयटूएस या फॉरमॅटचा फ्रेम सिंकही १.६५. पण पीसीएम या दुसऱ्या फॉरमॅटच्या छोट्या फ्रेम सिंकमध्ये पल्स फक्त एका बिटाएवढा असतो, म्हणून ३२ बिटांच्या फ्रेममध्ये मीटर जेमतेम ०.१ व्होल्ट दाखवतो. ते पाहून "सिंक नाही" असं ठरवू नका.

डेटाच्या तारेवरचं वाचनही कामाचं. माईकमधून खोलीचा बारीक गोंगाट येत असेल तर सॅम्पल कधी धन, कधी ऋण असतात. ऋण सॅम्पलचे वरचे बिट सगळे एक होतात, त्यामुळे सरासरी अर्ध्यावर येते: १६ बिटांच्या स्लॉटमध्ये १.६ च्या आसपास, ३२ बिटांच्या स्लॉटमध्ये १६ बिट डेटा असेल तर ०.८. घट्ट शून्य किंवा घट्ट ३.३ म्हणजे त्या तारेवर कोणी बोलत नाहीये.

मग हर्ट्झ. फ्रेम सिंकची फ्रिक्वेन्सी हाच सॅम्पल रेट. ८.००, १६.००, ४८.०० किलोहर्ट्झ, यांपैकी जो ठरलाय तो अचूक यायला हवा. बिट क्लॉक म्हणजे सॅम्पल रेट गुणिले एका फ्रेममधले बिट. ८ किलोहर्ट्झला १६ बिटांचे दोन स्लॉट: २५६ किलोहर्ट्झ. १६ ला ३२ बिटांचे दोन: १.०२४ मेगाहर्ट्झ. ४८ ला तेच: ३.०७२.

सगळ्या तारांवर शून्य असेल तर बहुधा दोन्ही चिप्स स्लेव्ह (घड्याळ घेणाऱ्या) आहेत, एकमेकींची वाट पाहत बसल्या आहेत. वाचन विचित्र आणि दोन्ही चिप्स कोमट असतील तर बहुधा दोन्ही मास्टर (घड्याळ देणाऱ्या) आहेत, एकाच तारेवर दोन आउटपुट भांडताहेत. असा बोर्ड चालू ठेवू नका.

एक जपा: मीटर किंवा प्रोब क्रिस्टलच्या पिनवर लावू नका. तेवढ्या भाराने ऑसिलेटर थांबू शकतो, आणि नसलेला दोष दिसू लागतो. क्रिस्टलजवळ फ्लक्सचा चिकट थर असेल तर आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुऊन वाळवा. पावसाळी दमटपणात त्या थरातून गळती होते.

क्रिस्टलवरचा आकडा वाचा

२५६ पटीच्या हिशेबाने ४८ किलोहर्ट्झला मास्टर क्लॉक १२.२८८ मेगाहर्ट्झ लागतं, १६ ला ४.०९६, ८ ला २.०४८. फ्रेम सिंकवर ८ ऐवजी ७.८१, किंवा १६ ऐवजी १५.६२ दिसलं, तर कोणीतरी १२.२८८ च्या जागी १२.००० बसवलाय. इंदूरच्या महाराणी रोडवर पार्ट आणायला जाताना आकडा चिठ्ठीवर पूर्ण लिहून न्या. तोंडी "बारा मेगाहर्ट्झ" म्हटलं की १२.००० च हातात पडतो, आणि दुकानदाराची त्यात चूक नाही.

कानाला हा फरक कळत नाही. आवाज फक्त २.३ टक्के जाड होतो. पण समोर दुसरं, खरं ८ किलोहर्ट्झचं उपकरण असेल तर दर सेकंदाला सुमारे १८७ सॅम्पल कमी पडतात, आणि आवाज सतत तुटत राहतो. काही कोडेक्समध्ये १२.००० साठी वेगळी सोय असते, जसा डब्ल्यूएम ८७३१ चा यूएसबी मोड. त्या बोर्डावर १२ च बरोबर, म्हणून बदलण्याआधी मूळ डिझाइन बघा.

आयटूसी आणि म्यूट

कोडेक पत्त्यावर उत्तर देते का ते पाहा. डब्ल्यूएम ८७३१ चा पत्ता हेक्समध्ये १ए, आणि निवडीची पिन वर बांधलेली असेल तर १बी. टीएलव्ही ३२०एआयसी ३१०४ चा १८. दोन सापळे इथे आहेत. ८७३१ ची रजिस्टर्स वाचता येत नाहीत, फक्त लिहिता येतात, तेव्हा वाचन फसलं म्हणून तिला मृत ठरवू नका. आणि एसजीटीएल ५००० ही कोडेक मास्टर क्लॉक नसेल तर आयटूसीवर उत्तरच देत नाही. म्हणजे दोष क्लॉकचा, शिक्षा आयटूसीला. म्हणून क्लॉकची तपासणी आधी ठेवली आहे.

डेटा कोणाचा आत, कोणाचा बाहेर

एका चिपच्या कागदावर 'डेटा इन' म्हणजे त्या चिपच्या आत. जोडताना एकीचा आउट दुसरीच्या इनला. इन-इन आणि आउट-आउट जोडलेले नवे बोर्ड अजूनही दिसतात, कारण स्कीमॅटिक काढणाऱ्याने नावं जुळवली, दिशा नाही.

स्लॉटही बघा. व्हॉइस चिप बहुधा डाव्या स्लॉटमधला मोनो आवाज घेते. माईक कोडेकच्या उजव्या इनपुटला असेल तर तारेवर डेटा धावतो, आवाज मात्र येत नाही. एकाच तारेवर दोन कोडेक असतील तर प्रत्येकीने आपला स्लॉट संपताच तार मोकळी सोडायला हवी. ते सेटिंग बंद राहिलं तर दुसरीचा आवाज दबतो.

फॉरमॅट: खरी मेख

फिलिप्सने १९८६ मध्ये ठरवलेल्या आयटूएसमध्ये फ्रेम सिंक बदलल्यानंतर एक बिट क्लॉक सोडून सर्वांत मोठा बिट येतो. सिंक खाली असताना डावा चॅनेल. डेटा क्लॉकच्या उतरत्या कडेला बदलतो आणि चढत्या कडेला वाचला जातो. लेफ्ट-जस्टिफाइडमध्ये तो एक क्लॉकचा उशीर नसतो. सगळा घोळ या एका क्लॉकचा.

पाठवणारी आयटूएस आणि घेणारी लेफ्ट-जस्टिफाइड असेल, तर घेणारी एक बिट आधी मोजायला लागते. आदल्या स्लॉटचा रिकामा शून्य चिन्हाच्या जागी बसतो. उणे एक हा आकडा, १६ बिटांत सगळे एक, तो सर्वात मोठा धन आकडा होतो. अधिक एक मात्र शून्य होतो. शांत खोलीतला गोंगाट शून्याच्या आसपास डोलत असतो, आणि ते डोलणं म्हणजे आता शून्य ते कमाल अशा उड्या. म्हणूनच शांततेत कान फाटतात.

उलट केलं, म्हणजे पाठवणारी लेफ्ट-जस्टिफाइड आणि घेणारी आयटूएस, तर चिन्हाचा बिट हरवतो आणि बाकीचा आकडा दुप्पट होतो. हळू आवाजात वरचे दोन्ही बिट सारखेच असतात, त्यामुळे नुकसान काही नाही, उलट ६ डेसिबल जास्त मिळतात. अर्ध्या कमालीपलीकडे गेलं की आकडा उलटून ऋण होतो. हा दोष फार फसवतो. टेबलावर "हॅलो, हॅलो" म्हणून बोर्ड पास होतो, आणि गेटवरचा वॉचमन ओरडला की फाटतो. तपासताना माईकपासून १० सेंटिमीटरवर मोठ्याने बोला.

पीसीएम मोडमध्ये वाचण्याची कड प्रत्येक उत्पादक आपल्या मनाने ठेवतो. दोघींची कड चुकीची जुळली तर डेटा बदलण्याच्या क्षणीच वाचला जातो: थंडीत बरोबर, उन्हात चूक. इथे आठ चॅनेलचा, २४ मेगाहर्ट्झचा स्वस्त लॉजिक ॲनलायझर पुरतो. फ्रेम सिंक, बिट क्लॉक आणि डेटा एकत्र पकडा आणि पहिला बिट कितव्या क्लॉकला आहे ते डोळ्याने मोजा. सॉफ्टवेअरच्या डिकोडरवर भिस्त नको. त्यालाही फॉरमॅट आपणच सांगितलेला असतो.

टेलिफोन बाजूच्या बोर्डांवर आणखी एक: आवाज ८ बिटांत दाबण्याची पद्धत ए-लॉ की म्यू-लॉ. भारतात ए-लॉ. शांततेत तारेवर डी५ किंवा ५५ दिसले तर ए-लॉ, एफएफ किंवा ७एफ दिसले तर म्यू-लॉ. अदलाबदल झाली तर बोलणं कळतं, पण घोगरं येतं.

टिक टिक: दोन घड्याळांचा संसार

घड्याळ घेऊन दोन टिकांमधलं अंतर मोजा. दोन वेगळ्या क्रिस्टल्समध्ये ५० पीपीएमचा (दहा लाखांत पन्नास) फरक सहज असतो. ८ किलोहर्ट्झला तो सेकंदाला ०.४ सॅम्पल होतो, म्हणजे दर २.५ सेकंदांनी एक सॅम्पल हरवतो किंवा दुबार येतो. फर्मवेअर २० मिलिसेकंदांचे, १६० सॅम्पलचे गठ्ठे करत असेल तर फटका ४०० सेकंदांनी, साडेसहा मिनिटांपलीकडे बसतो, पण मोठा बसतो: अक्षर गळतं. गिऱ्हाईक "मधूनमधून" म्हणतं ते हेच.

प्रतिध्वनी काही मिनिटांनी परत येण्याचं मूळही बहुधा इथेच. व्हॉइस चिप स्पीकरला पाठवलेला आवाज आणि माईकमधून परत आलेला आवाज यांचं अंतर शिकून घेते. दोन्ही बाजू वेगळ्या क्रिस्टलवर असल्या तर ते अंतर सतत सरकतं, आणि शिकलेलं फुकट जातं. इको कॅन्सलरची सेटिंग्ज फिरवत बसू नका, त्याने काही होत नाही. एकच मास्टर ठेवा, बाकी सगळ्यांना स्लेव्ह करा, जादा क्रिस्टल काढा. आवाज यूएसबी किंवा नेटवर्कवरून येत असेल तर घड्याळ एक करणं हातात नसतं. तिथे सॅम्पल रेट कन्व्हर्टर लागतो.

रिंगिंग

प्रोब लावला की आवाज सुधारतो, म्हणजे प्रोबच्या १०-१५ पिकोफॅराडने क्लॉकची थरथर शमली. तीच थरथर घेणाऱ्या चिपला एका कडेऐवजी दोन कडा दाखवत होती. उपाय कपॅसिटर नाही. क्लॉक जिथून निघतं त्या पिनजवळ २२ ते ३३ ओहमचा रेझिस्टर मालिकेत लावा. दोन बोर्डांमध्ये रिबन असेल तर १० सेंटिमीटरच्या आत ठेवा आणि क्लॉकच्या शेजारची तार ग्राउंडला द्या.

लूपबॅक: शेवटची चाचणी

डेटाच्या तारांवर झिरो ओहमचे रेझिस्टर असतील तर हे करता येतं. ते दोन्ही काढा, म्हणजे व्हॉइस चिपचा आउटपुट मोकळा होईल. क्लॉक्स तसेच राहू द्या. कोडेकचा डेटा आउट तिच्याच डेटा इनला बारीक तारेने जोडा. स्पीकर काढून हेडफोन लावा, नाहीतर शिट्टी वाजेल. स्वतःचा आवाज स्वच्छ आला तर कोडेक आणि माईक निर्दोष, क्लॉक पोहोचतंय, आणि दोष व्हॉइस चिपच्या बाजूला, तिच्या फर्मवेअरमध्ये किंवा दोघींच्या करारात आहे. आला नाही, आणि वरचं सगळं तपासून झालंय, तरच कोडेक बदलण्याचा विचार.

इथे थांबा

कोडेक क्यूएफएन (पाय नसलेल्या, सपाट पॅकेजची) असेल तर पोटाखालचा पॅड ग्राउंडला जोडलेला असतो. सोल्डरिंग आयर्नने ती निघत नाही, ट्रॅक निघतात. बीजीए (पोटाखाली सोल्डरचे गोळे असलेल्या) व्हॉइस चिपला प्रीहीटर नसताना हात लावू नका, रीवर्क करणाऱ्याकडे द्या. फर्मवेअर कुलूपबंद असेल आणि फॉरमॅट त्यातच बसलेला असेल, तर बोर्ड बनवणाऱ्यालाच विचारावं लागेल. बाहेरून तो बदलत नाही. लाइनवर ४८ व्होल्ट असलेली टेलिफोन किंवा पीओईची (नेटवर्कच्या तारेतूनच वीज) बाजू माहिती नसताना उघडू नका. आणि लिफ्टचा इमर्जन्सी इंटरकॉम किंवा फायर पॅनेलचा बोर्ड असेल तर आवाज एकदा चालू झाला तरी काम संपलं असं समजू नका. ते त्या यंत्रणेच्या अधिकृत माणसानेच तपासून ठरवायचं.

बोर्ड पुढे देताना सोबत एक कागद द्या: तिन्ही सप्लायचे व्होल्ट, फ्रेम सिंक आणि बिट क्लॉकचे हर्ट्झ, दोन्ही डेटा तारांचं डीसी वाचन, क्रिस्टलवरचा आकडा, लॉजिक ॲनलायझरचा एक कॅप्चर, आणि लक्षण गिऱ्हाइकाच्या शब्दांत नव्हे तर आपल्या कानाने ऐकलेलं.